नव्वद टक्क्यांना कमी पडणारे वस्तुमान कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात: पुण्यातील एका सल्लागार कार्यालयात काम करणारी एक तरुण स्ट्रक्चरल इंजिनिअर लिहिते, "दोन बेसमेंट, तळमजल्यावर पार्किंग आणि वर पंधरा मजले अशा एका निवासी इमारतीचे ईटॅब्स या सॉफ्टवेअरमधील मॉडेल माझ्याकडे आहे. जमिनीपासूनची उंची सुमारे ५० मीटर, एक्स दिशेतील रुंदी २० मीटर, माती मध्यम प्रकारची आणि बेसमेंटभोवती सर्व बाजूंनी आरसीसी रिटेनिंग वॉल आहे. बारा मोड (इमारतीच्या हलण्याचे स्वाभाविक प्रकार) घेतले तेव्हा मोडल मासची (त्या मोडांत सहभागी वस्तुमानाची) बेरीज एक्स दिशेत ६१ आणि वाय दिशेत ६३ टक्के आली. मोड ६० केल्यावर ती ६६ आणि ६८ झाली. १५० केले तरी ७४ आणि ७५ च्या पुढे गेली नाही, आणि १५० व्या मोडची वारंवारता जेमतेम १२ हर्ट्झ आहे. मधल्या कित्येक मोडांपुढे तर शून्यच दिसते. सर म्हणतात, मोड वाढवत राहा, आणि नाहीच जमले तर स्केल फॅक्टर लावल्यावर बेस शिअर (पायथ्याशी येणारे एकूण आडवे बल) जुळतोच. सहकारी सुचवतो की बेसमेंटचे वस्तुमान काढून टाक, लगेच ९० टक्के येतील. पहिल्या तीन मोडांत ६५ टक्के हवेत, ही अटही पूर्ण होत नाही. पीअर रिव्ह्यूअरने तक्ता मागितला आहे. माझे मॉडेल चुकले आहे का, आणि मी नेमके काय करावे?"

सस्नेह नमस्कार,

तुम्ही नुसती तक्रार न कळवता आकडे कळवले, हे फार चांगले केले, कारण या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या आकड्यांतच आहे. मात्र तुमच्या प्रश्नात, आणि त्याहून अधिक तुमच्या सरांच्या सल्ल्यात, दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पहिली अशी की ९० टक्के हा कसाही करून गाठायचा आकडा आहे, आणि दुसरी अशी की तो गाठण्याचा उपाय म्हणजे अधिक मोड. दोन्ही गोष्टी जरा थांबून तपासून पाहू.

आयएस १८९३ भाग १ या भूकंपविषयक भारतीय संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत कलम ७.७.५.२ सांगते की, विचारात घेतलेल्या मोडांच्या मोडल मासची बेरीज एकूण भूकंपीय वस्तुमानाच्या किमान ९० टक्के असावी, आणि ३३ हर्ट्झच्या पलीकडच्या मोडांचा परिणाम मिसिंग मास करेक्शनने, म्हणजे सुटलेल्या वस्तुमानाच्या दुरुस्तीने, धरावा. या अटीमागचा विचार जमाखर्चासारखा आहे. सर्व मोडांचे मोडल मास एकत्र केले तर प्रत्येक दिशेत बेरीज बरोबर १०० टक्के होते, त्यामुळे तुमच्या तक्त्यात जे २५ टक्के दिसत नाहीत ते नाहीसे झालेले नसतात. ते इमारतीत कुठेतरी आहेत, भूकंपात त्यांच्यावरही जडत्वाचे बल येणार आहे, आणि तुमच्या विश्लेषणाने ते बल अजून कोणत्याही कॉलमला, भिंतीला किंवा स्लॅबला दिलेले नाही. म्हणून मोड किती वाढवू, असे विचारण्याआधी हे वस्तुमान कोणत्या मजल्यावर आहे, असे विचारले पाहिजे.

ते शोधायला वेळ लागत नाही. ईटॅब्समधून मजल्यानुसार वस्तुमानाचा तक्ता काढा आणि बेसमेंटचे स्लॅब, तळमजल्याचा स्लॅब व रिटेनिंग वॉल यांचा वाटा वेगळा मोजा. बेसमेंटचा विस्तार टॉवरपेक्षा, म्हणजे जमिनीवरच्या इमारतीपेक्षा, मोठा असतो, तळमजल्याच्या स्लॅबवर माती, फरसबंदी आणि अग्निशमन गाडीचा मार्ग असतो, भिंती जाड असतात. अशा इमारतीत हा वाटा एकूण वस्तुमानाच्या ३० टक्क्यांच्या घरात जाणे मुळीच विशेष नाही. तुमच्याकडे तो ३० टक्के निघाला असे धरून चालू. म्हणजे टॉवरकडे ७० टक्के उरतात, आणि बारा मोडांत तुम्हाला मिळालेले ६१ व ६३ टक्के हे त्या ७० टक्क्यांचे अनुक्रमे ८७ आणि ९० टक्के होतात. थोडक्यात, टॉवर जवळजवळ पूर्ण हिशेबात आला आहे, एक्स दिशेत फार तर आणखी एक मोड हवा, आणि खरी तूट बेसमेंटची आहे. हे गणित ढोबळ आहे, कारण टॉवरच्या मोडांत बेसमेंटही किंचित हलते, पण दिशा दाखवायला ते पुरेसे आहे.

टॉवरचे हे आकडे विश्वासार्ह आहेत का, हे सिद्धांताशी ताडून पाहता येते. एकसारख्या वस्तुमानाचा आणि केवळ शिअरने (थर एकमेकांवर सरकून) वाकणारा खांब घेतला तर त्याच्या पहिल्या मोडमध्ये ८१ टक्के आणि दुसऱ्यात ९ टक्के वस्तुमान असते, म्हणजे दोन मोडांतच ९० टक्के होतात. तोच खांब कँटिलिव्हरसारखा बेंडिंगने वाकत असेल तर पहिल्या मोडला ६१, दुसऱ्याला १९, तिसऱ्याला साडेसहा आणि चौथ्याला सव्वातीन टक्के मिळतात, म्हणजे चार मोड लागतात. निव्वळ फ्रेमची इमारत पहिल्या टोकाच्या जवळ असते, शिअर वॉलची इमारत दुसऱ्या टोकाच्या. बारा मोड म्हणजे साधारणपणे एक्स, वाय आणि पिळाचे प्रत्येकी चार, आणि तेवढ्यात टॉवरचे ९० टक्क्यांच्या आसपास येणे हे सिद्धांताशी जुळणारे आहे. त्यामुळे तुमचे मॉडेल मुळातून चुकलेले आहे असे मला वाटत नाही.

पण ते स्वच्छही नाही, आणि ज्या शून्यांकडे तुम्ही बोट दाखवले आहे तिथे मी सर्वांत जास्त वेळ घालवीन. बारा मोडांनंतर १३८ मोड वाढवले आणि मिळाले फक्त १२ ते १३ टक्के, याचा अर्थ मधले बहुतेक मोड स्थानिक आहेत. इमारत म्हणून काही हलत नाही, एखादाच तुकडा हलतो. तेरापासून पुढचे मोड एकेक करून हलत्या चित्रात पाहा आणि प्रत्येकापुढे काय हलले ते एका ओळीत लिहा. हे कंटाळवाणे काम आहे, तरी ते टाळू नका. नेहमी सापडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. गच्चीवरचा पॅरापेट वॉल एलिमेंट म्हणून घातलेला असतो आणि वरून मोकळा असल्याने एकटाच डुलतो. लिफ्टच्या मशीन रूमचे किंवा पाण्याच्या टाकीचे कॉलम खालच्या नोडला (जोडबिंदूला) जोडले गेलेलेच नसतात. दुय्यम बीमच्या दोन्ही टोकांना मोमेंटबरोबर टॉर्शनही सोडलेले असते, त्यामुळे तो बीम स्वतःभोवती फिरायला मोकळा होतो. जिन्याचा मधला लँडिंग स्लॅब दोनच नोडवर टेकलेला असतो. डक्टच्या कडेची भिंत आणि शेजारचा स्लॅब यांची जाळी जुळत नाही, आणि चित्रात एकत्र दिसणारे दोन भाग प्रत्यक्षात सुटे राहतात. यांतला एखादा मोड चार-पाच सेकंदांच्या आवर्तकालासह अगदी यादीच्या सुरुवातीला आला आणि त्याचा सहभाग शून्य असला, तर तो जवळजवळ निश्चितपणे मॉडेलमधील सुटा भाग आहे असे समजा आणि दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

यांतील काही मोड चुकीचे नसून अनावश्यक असतात. स्लॅब शेल म्हणून घालून जाळी केली असेल आणि मास सोर्समध्ये (वस्तुमान कशातून मोजायचे त्या सेटिंगमध्ये) उभ्या दिशेचे वस्तुमानही सुरू असेल, तर प्रत्येक पॅनेल वरखाली थरथरते आणि तसा प्रत्येक पॅनेल एक मोड खातो. आडव्या भूकंपाच्या विश्लेषणात ते वस्तुमान बंद ठेवून आडवे वस्तुमान मजल्याच्या पातळीला एकवटले की अशा मोडांची मोठी गर्दी एकदम ओसरते. मात्र तुमच्या इमारतीत फ्लोटिंग कॉलम किंवा लांब कँटिलिव्हर असतील आणि त्यासाठी उभ्या दिशेचा विचार करायचा असेल, तर ते विश्लेषण वेगळ्या मॉडेलमध्ये जरूर करा. टॉवरच्या नेहमीच्या मजल्यांना रिजिड डायाफ्राम (स्लॅब आडव्या दिशेत पूर्ण ताठर मानणे) चालेल, पण तळमजल्याच्या स्लॅबला सेमी-रिजिड ठेवा, कारण टॉवरचा शिअर रिटेनिंग वॉलपर्यंत नेण्याचे काम तोच स्लॅब करणार आहे, आणि रिजिड केल्यास त्याच्या आतली बले तुम्हाला दिसणार नाहीत. मॉडेलमधील एकूण वस्तुमान हाताने काढलेल्या वजनाशीही एकदा जुळवा. ३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटरपर्यंतच्या लाइव्ह लोडचा २५ टक्के, त्यापेक्षा जास्त असेल तर ५० टक्के, आणि गच्चीचा शून्य धरायचा असतो. सेल्फ मास आणि डेड लोड दोन्ही निवडल्यामुळे स्वतःचे वजन दोनदा मोजले जाणे ही चूक आजही सर्रास आढळते.

आता स्केल फॅक्टरविषयी. सरांचा अनुभव मोठा असणार याबद्दल मला शंका नाही, पण या एका मुद्द्यावर मी त्यांच्याशी आदराने असहमत आहे. कलम ७.७.३ प्रमाणे डायनॅमिक बेस शिअर अनुभवजन्य आवर्तकालावरून काढलेल्या बेस शिअरपेक्षा कमी असेल तर सर्व परिणाम त्या प्रमाणात वाढवायचे असतात. ही वाढ सगळीकडे एकाच पटीने होते. ज्या मजल्याचे वस्तुमान हिशेबातच आले नाही त्याच्या वाट्याचे शून्य कितीही पटीने गुणले तरी शून्यच राहते. म्हणजे एकूण बेरीज जुळते, पण बलाची वाटणी चुकीची राहते: वरचे मजले थोडे जास्त बल घेतात, तर तळमजल्याचा डायाफ्राम, त्यातील कलेक्टर बीम (बल गोळा करून भिंतीकडे नेणारे) आणि बेसमेंटच्या भिंती कमी बलावर डिझाइन होतात. त्यातच तुलनेची पातळीही पाहायला हवी. बेसमेंटच्या भिंती तळमजल्याच्या स्लॅबला जोडलेल्या असतील तर आयएस १८९३ मध्ये इमारतीची उंची बेसमेंट वगळून मोजतात, म्हणून स्थिर पद्धतीचा बेस शिअर जमिनीच्या पातळीचा असतो. त्याची तुलना राफ्टच्या (पायाच्या सलग स्लॅबच्या) पातळीवरील डायनॅमिक बेस शिअरशी केली तर स्केल फॅक्टर विनाकारण कमी निघतो. तळमजल्याच्या वरचा स्टोरी शिअर घेऊन तुलना करा.

ही तूट किती मोठी आहे याचा अंदाज घ्या, म्हणजे चर्चेला आधार मिळेल. ५० मीटर उंची आणि २० मीटर रुंदी धरली तर ०.०९ एच ला डी च्या वर्गमूळाने भागण्याच्या सूत्राने (एच म्हणजे उंची, डी म्हणजे रुंदी) आवर्तकाल सुमारे १ सेकंद येतो, आणि मध्यम मातीसाठी एसए/जी (भूकंपाच्या प्रवेगाचा गुणांक) सुमारे १.३५ येतो. अतिशय ताठर भागासाठी, म्हणजे आवर्तकाल शून्याकडे जाताना, तोच गुणांक १ असतो. २०१६ च्या आवृत्तीत पुणे झोन तीनमध्ये आहे, पण झोन, महत्त्व आणि आर (रिस्पॉन्स रिडक्शन) हे गुणक दोन्हीकडे सारखेच असल्याने तुलनेत ते निघून जातात. टॉवरसाठी ०.७ गुणिले १.३५ म्हणजे ०.९५, बेसमेंटसाठी ०.३ गुणिले १ म्हणजे ०.३. अशा रीतीने हिशेबाबाहेर राहिलेले बल टॉवरच्या बेस शिअरच्या जवळपास एक तृतीयांश ठरते. यातले बहुतेक बल थेट रिटेनिंग वॉलमधून राफ्टमध्ये आणि मातीत जाते, टॉवरच्या वरच्या कॉलमांना त्याची झळ फारशी लागत नाही, हेही तितकेच खरे आहे. म्हणून टॉवरचे डिझाइन पुन्हा करावे लागेल या भीतीने घाबरू नका. तपासणी करायची ती तळमजल्याच्या स्लॅबची आणि त्याखालच्या भागाची.

सहकाऱ्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे. तळमजल्याला आधार मानून केवळ टॉवरचे वेगळे मॉडेल करणे ही प्रस्थापित पद्धत आहे आणि तुमच्या बाबतीत ती उपयोगीही पडेल. परंतु पूर्ण मॉडेलमध्ये बेसमेंटचे वस्तुमान शून्य करून, किंवा बेसमेंटचे परिघावरचे नोड सर्व बाजूंनी जखडून, तक्ता ९० वर आणणे आणि त्याविषयी कुठेच काही न लिहिणे, हे मात्र करू नका. जखडलेल्या नोडवरचे वस्तुमान हलत नाही, आणि टक्केवारी काढताना ते एकूणात धरायचे की नाही हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने ठरवते. त्यामुळे असा ९० हा आकडा इमारतीविषयी काहीच सांगत नाही. वस्तुमान वगळायचे असेल तर ते उघडपणे वगळा आणि त्याचे बल स्थिर पद्धतीने तळमजल्याच्या व बेसमेंटच्या पातळीवर लावा.

मॉडेल स्वच्छ झाल्यानंतर तुमच्यासमोर दोन चांगले मार्ग आहेत. पहिला रिट्झ व्हेक्टरचा. बर्कलीचे प्राध्यापक विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत मोड शोधण्याची सुरुवातच दिलेल्या भारापासून होते, त्यामुळे त्या भाराने न हलणारे मोड यादीत येतच नाहीत. सुरुवातीचे व्हेक्टर म्हणून एक्स आणि वाय दिशेचे प्रवेग द्या. तीस-चाळीस मोडांत ९० टक्के सहज ओलांडले जातील असे मला वाटते. यात एक धोका आहे. सुटा बीम किंवा डुलणारा पॅरापेट रिट्झच्या यादीत बहुधा दिसणारच नाही, म्हणून आधी आयगेन पद्धतीने (स्वाभाविक मोड काढण्याच्या नेहमीच्या पद्धतीने) मॉडेलची झडती घ्यायची आणि मगच रिट्झकडे वळायचे, हा क्रम उलटा करू नका. रिट्झच्या यादीतील वरच्या मोडांच्या वारंवारता इमारतीच्या खऱ्या वारंवारता नसतात, हेही अहवाल लिहिताना ध्यानात ठेवा.

दुसरा मार्ग मिसिंग मास करेक्शनचा, आणि तो आयएस १८९३ मध्येच दिलेला आहे. मात्र तो तुमच्या आजच्या मॉडेलला लावू नका. हे करेक्शन उरलेले वस्तुमान पूर्ण ताठर आहे असे मानते, आणि संहितेने त्यासाठी ३३ हर्ट्झ, म्हणजे ०.०३ सेकंद, ही मर्यादा घातली आहे. तुमची यादी १२ हर्ट्झला संपते. तिथे आवर्तकाल सुमारे ०.०८३ सेकंद असतो आणि एक अधिक १५ टी (टी म्हणजे आवर्तकाल) या सूत्राने एसए/जी २.२५ येतो. त्या पट्ट्यातील वस्तुमानाला १ चा गुणांक लावला तर बल निम्म्याहूनही कमी धरले जाईल. स्थानिक मोड काढून टाकल्यावर यादी ३३ हर्ट्झपर्यंत पोहोचली, की उरलेल्या वस्तुमानासाठी हे करेक्शन निःशंकपणे वापरा.

पहिल्या तीन मोडांतील ६५ टक्क्यांची अट हा वेगळा विषय आहे आणि तो मोड वाढवून कधीच सुटत नाही. तिचा उद्देश इमारतीचे मुख्य हेलकावे सरळ आहेत की पिळाने बिघडलेले आहेत हे पाहण्याचा आहे. टॉवरच्या पहिल्या मोडला त्याच्या स्वतःच्या वस्तुमानाच्या ६७ टक्के जरी मिळाले, तरी एकूणाच्या ७० टक्क्यांनी गुणल्यावर ते ४७ च होतात, आणि चांगला टॉवरही नापास दिसतो. म्हणून ही तपासणी तळमजल्याच्या वरच्या मॉडेलवर करा. तिथेही ६५ भरत नसतील तर ती सॉफ्टवेअरची अडचण राहत नाही. लिफ्टचा कोअर एका कोपऱ्यात आहे का, शिअर वॉल एकाच बाजूला गोळा झाल्या आहेत का, हे पाहा आणि आर्किटेक्टशी वेळेत बोला. स्कीम डिझाइनच्या टप्प्यावर एखादी भिंत हलवणे सोपे असते.

स्टाड हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या आणि पोलादी शेड किंवा पाइप रॅक करणाऱ्या वाचकांनाही हीच शिस्त लागू पडते. तिथे सुरुवातीची मोडसंख्या सहाच असते, आणि पर्लिन, सॅग रॉड व बारीक ब्रेसिंग यांच्या थरथरीतच ती संपून जाते. रॉडचे मधले नोड काढून टाकणे, दुय्यम भागांचे वस्तुमान मुख्य फ्रेमच्या नोडवर देणे आणि छताला आडवे ब्रेसिंग खरोखर आहे का हे तपासणे, यानेच बहुतेक प्रश्न मिटतो. छताला ब्रेसिंग नसेल तर प्रत्येक फ्रेम स्वतंत्र हलते, आणि मग मोड जास्त लागणे हे त्या शेडचे खरे वर्तन आहे.

राहिला प्रश्न सरांशी बोलण्याचा. "तुमचे चुकले" अशा सुरात न बोलता त्यांच्यापुढे एक पान ठेवा: मजल्यानुसार वस्तुमान, टॉवरचे वेगळे काढलेले टक्के, आणि बेसमेंटच्या बलाचा वर दिलेला अंदाज. हे पान पाहिल्यावर स्केल फॅक्टरचा मुद्दा तेच पुन्हा तपासतील अशी माझी अपेक्षा आहे. रिव्ह्यूअरला ७५ टक्क्यांचा तक्ता तसाच पाठवू नका आणि तो लपवूही नका. कोणते स्थानिक मोड सापडले आणि कसे दुरुस्त केले, रिट्झने किती टक्के मिळाले, ६५ टक्क्यांची तपासणी कोणत्या मॉडेलवर केली आणि का, आणि तळमजल्याच्या डायाफ्रामसाठी दोन्ही मॉडेलांतील मोठे बल घेतले आहे, इतके त्या पत्रात असू द्या. सोबत टॉवरच्या पहिल्या तीन मोडांची चित्रे जोडा, आणि पत्र पाठवण्याआधी तळमजल्याच्या स्लॅबमधील रिटेनिंग वॉलजवळच्या रॅम्पचे कटआउट मॉडेलमध्ये खरोखर घातले आहे ना, हे एकदा पाहून घ्या, कारण टॉवरचा शिअर भिंतीकडे जाण्याचा मार्ग नेमका तिथेच तुटतो.